मोजपट्टीवरचा अंगठा

गुरुवारी दुपारी नोटीस आली तेव्हा सासू पाण्याच्या दाराच्या स्क्रूला ग्रीस लावत होती आणि सून कालव्याच्या चारीत उतरून गाळ काढत होती. पाटबंधारे ऑफिसचा शिपाई सायकलवरून उतरलाच नाही. एक पाय कट्ट्यावर टेकवून त्याने कागद पुढे केला. सासूने काळे झालेले हात दाखवले. मग त्याने तो सुनेकडे धरला.

"वाच," सासू म्हणाली.

सून चारीतूनच वाचू लागली. सात नंबरच्या चारीच्या शेवटच्या दारापर्यंत गेली तीन वर्षं पाणी पोहोचत नाही, असं वरच्या भागातल्या शेतकऱ्यांनी कळवलं आहे. सबब हे दार शुक्रवारी सकाळी अकरा वाजता वेल्डिंग करून कायमचं बंद करण्यात येईल. कोणाची हरकत असल्यास पुराव्यासह जागेवर हजर राहावं.

"उद्या?" सून म्हणाली. "उद्याचा शुक्रवार?"

"तीन वर्षं पाणी पोहोचत नाही," सासू म्हणाली. "मग मी इथे तीन वर्षं काय करतेय? माशा मारतेय?"

"मावशी, मी कागद पोचवतो," शिपाई म्हणाला. "उत्तरं पोचवत नाही." आणि त्याने कट्ट्यावरचा पाय उचलून पॅडलवर ठेवला.

शेवटच्या दाराखाली अडतीस शेतं होती आणि जनावरांचा एक हौद. दार म्हणजे लोखंडाचा एक पत्रा, दोन खाचांतून वर-खाली होणारा. वर एक स्क्रू आणि स्क्रूला फिरवायचं चाक. चाकाचं हँडल चार वर्षांपूर्वी तुटलं होतं. ऑफिसला सात अर्ज गेले होते. तेव्हापासून सासू चाकाच्या आऱ्यांमध्ये पाइपचा तुकडा अडकवून दार फिरवत असे. एकदा तो पाइप निसटला आणि तिच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटलं. पुन्हा आलं ते दोन फाकांतच आलं.

दाराच्या अलीकडे चारीच्या भिंतीवर मोजपट्टी होती. पांढऱ्या रंगावर काळे आकडे, सेंटिमीटरचे. चाळीसच्या आकड्यापाशी दगडाला आडवी चीर होती. सासू एकोणीस वर्षं रोज सकाळी सात वाजता ही पट्टी वाचत आली होती. पाणी असो नसो. म्हणून लोक तिलाच मोजपट्टी म्हणत. तोंडावर मावशी, पाठीमागे मोजपट्टी. घरात सासरेही तेच म्हणत, पण तोंडावर.

आधी आकडा वहीत लिहायचा असे. तीन वर्षांपूर्वी ऑफिसने वह्या नेल्या आणि सांगितलं, आता वही नको, रोज फोटो काढा आणि ऑफिसच्या अॅपवर चढवा. वह्या परत आल्या नाहीत. पुढे ऑफिसचं अॅप बदललं आणि जुनं काही नव्यात आलं नाही. पण सून बारावीपर्यंत शिकलेली होती, तीही शास्त्र घेऊन. ऑफिसला पाठवायचा प्रत्येक फोटो ती स्वतःच्या क्लाउडवरही ठेवत असे, एका फोल्डरमध्ये, तारखेच्या नावाने. सव्वा वर्षाखाली लग्न होऊन आली तेव्हा तिने घरात पाहिलेली पहिली चांगली गोष्ट म्हणजे हे फोटो. एकही दिवस चुकलेला नाही, अशी नोंद तिने शाळेच्या प्रयोगवहीतही पाहिली नव्हती. आधीच्या पावणेदोन वर्षांचे फोटोही तिनेच बसून चढवले होते.

"चल, घरी नको जायला," सासू म्हणाली. "तुझा फोन काढ. पुरावा पाहिजे ना त्यांना? तीन वर्षांचा आहे आपल्याकडे."

सून चारीतून वर आली. पायांवरचा गाळ तिने खोऱ्याच्या पात्याने खरवडला. उगाच जास्त वेळ खरवडला.

"आई," ती म्हणाली, "फोटो फोनमध्ये नाहीत."

"मग कुठे आहेत?"

"क्लाउडवर."

"ते एकच झालं ना?"

"नाही."

अकरा दिवसांपूर्वी वादळ झालं होतं. त्या दुपारी फोन जागा नाही, जागा नाही म्हणून बोंबलत होता, तेव्हा सुनेने 'जागा मोकळी करा' हे बटण दाबलं. वर चढलेले सगळे फोटो फोनमधून गेले, वर मात्र राहिले. संध्याकाळी वारा सुटला तेव्हा तिला वाटलं, नेट गेलं तर? तिने फोल्डरवर बोट ठेवून 'ऑफलाइन ठेवा' केलं. गोल फिरू लागला. एकेक फोटो खाली येऊ लागला, नव्यापासून जुन्याकडे. तीस आले. मग विजेचे खांब पडले, टॉवर मेला, आणि गोल तसाच फिरत राहिला. तेव्हापासून ना वीज, ना नेट. संध्याकाळची गाडीही बंद. सकाळची एकच, ती सातला निघून गेलेली.

"म्हणजे आज तुझ्या हातात काय आहे?" सासूने विचारलं.

"ते तीस. आणि वादळानंतर काढलेले अकरा."

"एकेचाळीस दिवस." सासूने मोजपट्टीकडे पाहिलं. पट्टी तळापर्यंत कोरडी होती. गेल्या दोन पाळ्यांना पाणी इथवर आलंच नव्हतं. "ते सगळे कोरडे."

"हो."

"बाकी हजार ओले, ते आभाळात. आणि कोरडे तेवढे खिशात." सासूने ग्रीसचं फडकं झाडलं. "वा, सूनबाई. बारावी पास."

फोन कमरेला खोचून ती टेकडीकडे निघाली.

*

टेकडीवर एक सपाट खडक होता. तिथे उभं राहिलं की पूर्वी दूरच्या शहराच्या टॉवरची एखादी रेघ मिळायची. ऊन डोक्यावर होतं. खडक चपलेतूनही भाजत होता. तिने फोन डोक्यावर धरला, डावीकडे धरला, टाचा उंचावून धरला. वरच्या कोपऱ्यात काही उमटलं नाही.

तिने फोल्डर उघडला. नावं दिसत होती. हीच तर त्यातली थट्टा होती. एक हजार त्र्याऐंशी नावं, एकाखाली एक, तारीखवार. नावाशेजारी बोटाच्या पेराएवढा राखाडी चौकोन. त्यात एक उभी पांढरी रेघ आणि खाली काहीतरी काळपट. तीच पट्टी, तेच पाणी, पण आकडा वाचता येत नव्हता. बोट लावलं की चौकोन मोठा होई, धूसर होई, आणि त्यावर गोल फिरू लागे. मग अक्षरं येत: इंटरनेट जोडणी तपासा.

फोनमध्ये बावीस टक्के बॅटरी होती. तिने फोन बंद केला आणि उतरणीला लागली. घराकडे नाही, दुसऱ्या बाजूला, बागेकडे.

बागवाल्याची बाग कालव्याच्या तोंडाशी होती. सातच्या चारीचं पहिलं दार त्याच्या कुंपणाला लागून. त्याच्या पॅकिंग शेडवर एक पांढरी तबकडी होती. ती थेट वरून नेट घेते, टॉवर लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. शेडमध्ये जनरेटर घरघरत होता आणि पट्ट्यावरून फळं सरकत होती. दहा-बारा बायका नासकी फळं उचलून टोपल्यांत टाकत होत्या.

बागवाला खुर्चीत बसून टॅबवर काहीतरी बघत होता. त्याने मान वर केली नाही.

"अप्पा, पाच मिनिटं नेट पाहिजे होतं," सून म्हणाली.

"हं. थांब."

ती थांबली. बऱ्याच वेळाने त्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा पट्ट्याकडे पाहिलं. "उभीच आहेस तर हात लाव."

सुनेला वाटलं, ही अट आहे. ती पट्ट्याशी जाऊन उभी राहिली आणि नासकी फळं वेचू लागली. शेजारची बाई तिच्याकडे न बघता पुटपुटली, "बोटाने दाबून बघ. वरून चांगलं दिसतं." अर्धा तास गेला. तिच्या बोटांना आंबूस चिकट वास लागला. बागवाला उठला, हात धुतले, पुसले.

"कशाला पाहिजे नेट?"

त्याला माहीत होतं. तरी तिने सांगितलं.

"असं होय. पासवर्ड आहे खरा," तो म्हणाला. "पण तुझ्या सासूला पाठव. खालचं दार बंद करून पाणी वर तुंबवू दे म्हणणारी माझी माणसं पाळी नाही, पाळी नाही म्हणून एकोणीस वर्षं दारात उभी केली तिने. तिने येऊन पाच मिनिटं इथे उभं राहावं. मग बघू आठवतो का पासवर्ड."

पट्ट्यावरच्या दोघी हसल्या. बाकीच्या हसल्या नाहीत. सुनेने हातातलं नासकं फळ टोपलीत टाकलं नाही, पट्ट्यावर परत ठेवलं, चांगल्यांच्या मधोमध. आणि निघाली.

*

"त्याच्या दारात गेलीस?" सासू म्हणाली.

घराबाहेर बाज टाकली होती. सासरे बाजेवर पाय लांब करून बसले होते. त्यांचा खुबा गेल्या वर्षी मोडला होता आणि तेव्हापासून ते घरातले एकमेव प्रेक्षक होते.

"गेले."

"आणि फळं निवडलीस? फुकट?"

"अर्धा तास."

"मला विचारलं का तिथे जायच्या आधी?"

"विचारलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

"तंगडी मोडून ठेवली असती."

"मोडलेली एक घरात आहे," सासरे म्हणाले. "दुसरी परवडणार नाही."

सासू पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि सुनेच्या हातांवर ओतू लागली. चिकटपणा जाईपर्यंत ओतत राहिली. पाणी दोन कोसांवरून आलेलं होतं, तरी ओतत राहिली.

"आई, चूक माझी आहे," सून म्हणाली. "दार गेलं तर माझ्यामुळे जाईल."

"दार माझं आहे. गेलं तर माझ्यामुळे जाईल. तू कोण मोठी लागून गेलीस?" तांब्या रिकामा झाला. "जुना फोन कुठे आहे?"

"कुठला?"

"माझा. आधीचा. पोट फुगलेला."

गेल्या पावसाळ्यानंतर त्या फोनची बॅटरी फुगली आणि मागचं झाकण वर आलं. तारेशिवाय तो एक मिनिट चालत नसे. मग घरात नवा फोन आला, सिमकार्ड त्यात गेलं, आणि जुना दाराजवळच्या खोपटात, ग्रीसच्या डब्यात गेला. पहिल्या सव्वादोन वर्षांचे फोटो त्याच फोनने काढलेले होते.

"त्यात काही नाही," सून म्हणाली. "ठेवून द्यायच्या आधी मीच रिकामा केला होता. हेच बटण. जागा मोकळी करा."

"कुठे बसून दाबलंस?"

"खोपटात. का?"

"नेट चालू होतं?"

सून थांबली. या घरात नेटची एक शिस्त होती आणि ती तिला वेडगळ वाटत आली होती. सासू नेटला दारासारखं वागवत असे. रोज पाळीपुरतं उघडायचं, फोटो चढला की बंद. उगाच उघडं ठेवलं तर वाहून जाईल, असं ती म्हणे. काय वाहून जाईल, हे तिला सांगता येत नसे. सुनेने तिला दहादा समजावलं होतं की आई, ते तसं नसतं.

"तुम्ही बंद केलं असेल," सून सावकाश म्हणाली.

"मी नेहमीच बंद करते."

सुनेने आठवून पाहिलं. बटण दाबल्यावर पडद्यावर काहीतरी आलं होतं. दोन ओळी. तिने त्या वाचल्या नव्हत्या. नव्या फोनच्या खोक्याकडे तिचं लक्ष होतं. फोटो वर पोचले आहेत की नाही, हे फोन आधी विचारून घेतो आणि मगच खालचे काढतो. विचारणार कोणाला? नेटच बंद.

"नक्की नाही सांगता येत," ती म्हणाली. "असतील. नसतीलही. आणि असले तरी तो चालू कशावर करणार? वीज कुठे आहे?"

"ते उद्याचं उद्या," सासू म्हणाली. "डबा मी घेऊन येते. तू तोवर जेव."

*

शुक्रवारी साडेदहालाच सगळे जमले. साहेब तरुण होता, नवीनच बदलून आलेला. बुटांत वाळू जाऊ नये म्हणून तो कडेकडेने चालत होता. त्याच्याबरोबर बागवाला होता, टोपी घालून. टेम्पोतून वेल्डर उतरला, मग त्याचा जनरेटर, वेल्डिंगचं यंत्र, केबलचं वेटोळं. दाराखालच्या शेतांतले वीस-एक जण चारीच्या काठाने उभे होते.

सासू दाराच्या चौकटीवर बसली होती, चाकाला पाठ लावून. मांडीवर पत्र्याचा डबा.

"बाई, तिथून उठावं लागेल," साहेब म्हणाला.

"उठेन की. आधी पुरावा बघा."

"दाखवा."

सुनेने नवा फोन पुढे केला. साहेबाने नावांची यादी वरून खाली सरकवली आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. गोल फिरू लागला. दुसऱ्यावर ठेवलं. गोल. मग यादीच्या टोकाला गेला, तिथले फोटो उघडले. कोरडी पट्टी. कोरडी पट्टी. कोरडी पट्टी.

"उघडतात ते सगळे कोरडे आहेत," तो म्हणाला.

"बघा साहेब," बागवाला म्हणाला. "मी वेगळं काय सांगत होतो? त्यांचाच पुरावा."

"बाकीचे क्लाउडवर आहेत," सून म्हणाली. "नेट आलं की उघडतील. सोमवारपर्यंत थांबा."

"सोमवारी मी दुसऱ्या कालव्यावर. जागेवर पुरावा, असं नोटिशीत लिहिलंय." साहेब वाईट माणूस नव्हता, पण त्याला उशीर होत होता. "जे आत्ता इथे उघडत नाही, ते माझ्या दृष्टीने नाही."

"असं आहे का?" सासू बसल्या जागेवरून म्हणाली. "मग तुमचा हुकूम दाखवा."

"कुठला हुकूम?"

"दार बंद करायचा. सहीचा. नोटिशीवर तारीख आहे, सही नाही."

साहेबाने बॅगेतून टॅब काढला. दोनदा बोट लावलं. तिसऱ्यांदा लावलं. काठावरच्या एकाने मान लांब करून त्यात डोकावलं आणि मोठ्याने म्हणाला, "गोल फिरतोय!"

वीस माणसं एकदम हसली. वादळापासून त्या काठावर कोणी हसलं नव्हतं.

"हुकूम आहे," साहेब म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी स्वतः वाचलाय."

"मीपण वाचलंय, साहेब. एकोणीस वर्षं, रोज सातला. जे इथे उघडत नाही ते नाही, असं तुम्हीच म्हणालात. तुमचं ते असतं आणि आमचं ते नसतं, असं कसं?" तिने डबा उघडला. किल्ल्या, वायसर आणि ग्रीसच्या फडक्यात गुंडाळलेला फोन. त्याचं झाकण दोन बोटं वर आलेलं. सोबत त्याचा जुना, जाड पिनेचा चार्जर. तिने साहेबाकडे नाही, वेल्डरकडे पाहिलं. "दादा, तुझ्या जनरेटरला पिन लावायला जागा आहे?"

वेल्डर पन्नाशीचा होता. आतापर्यंत तो कोणाकडेच बघत नव्हता. असल्या कामाला येणारा माणूस तसाच असतो. त्याने जनरेटरच्या बाजूचं झाकण उघडून दाखवलं.

"आहे. पण मावशी, रॉड पेटलेला असताना लावता येणार नाही. झटक्याने फोन जळेल. एकतर तुमचा फोन चालेल, नाहीतर माझं वेल्डिंग."

"मग आधी फोन," सासू म्हणाली.

"साहेब, वेळ कशाला घालवता?" बागवाला म्हणाला.

साहेबाने टॅबवरच्या गोलाकडे पाहिलं. "पाच मिनिटं," तो म्हणाला.

वेल्डरने दोरी ओढली. जनरेटर खोकला, थांबला, दुसऱ्या ओढीला धरला. सुनेने पिन लावली. तिने फोन जमिनीवर ठेवला आणि समोर उकिडवी बसली. काळा पडदा. बराच वेळ काळाच. मग मधोमध बॅटरीचं रिकामं चित्र. मग काही नाही. मग कंपनीचं नाव उजळलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "रिकामा असला तर?"

"बटण दाबलंस तेव्हा दार बंद होतं," सासू म्हणाली. "बंद दारातून काही वाहत नाही. उघड."

सुनेने फोटोंवर बोट ठेवलं. पडद्यावर ऊन होतं. तिला आपलाच चेहरा दिसला. हाताची ओंजळ केली तरी भागेना. तिने डब्यातलं मोठं फडकं झटकलं, मान वर केली, आणि समोर जो सर्वांत उंच माणूस उभा होता त्याच्याकडे ते धरलं.

"अप्पा," ती म्हणाली, "उभेच आहात तर हात लावा."

बागवाल्याने फडक्याकडे पाहिलं. ते ग्रीसने काळं होतं.

"धरा हो जरा," साहेब म्हणाला. तो आधीच गुडघ्यांवर बसला होता. "दिसत नाहीये."

बागवाल्याने दोन कोपरे दोन-दोन बोटांत धरले. सावली पडली.

फोटो होते. आठशे सव्वीस, एकही न गेलेला. पहिलाच उघडला आणि पडदाभर पसरला: पांढरी पट्टी, तपकिरी पाणी, आकडा चौतीस. खाली कोपऱ्यात तारीख आणि सात वाजून दोन मिनिटं. आणि पाण्याच्या रेषेशी टेकवलेला एक अंगठा, नख मधोमध फाटलेलं. पुढचा: छत्तीस, अंगठा. पुढचा: पस्तीस, अंगठा. फोटोत अंगठा घेऊ नका म्हणून ऑफिसने तिला दोनदा पत्र पाठवलं होतं. ती म्हणे, बोट ठेवल्याशिवाय मला वाचल्यासारखं वाटत नाही.

"फोटो कुठलेही असू शकतात," बागवाला वरून म्हणाला. त्याचे हात खांद्याच्या उंचीवर अवघडले होते. "मोजपट्ट्या सगळ्या सारख्याच."

सुनेने दोन बोटांनी फोटो मोठा केला. चाळीसच्या आकड्यापाशी दगडाची आडवी चीर दिसली. साहेबाने वळून चारीच्या भिंतीकडे पाहिलं. मग सासूच्या हाताकडे. तिने अंगठा वर करून दाखवला. तो कोणाला खुणावल्यासारखा दिसला आणि पुन्हा हशा पिकला.

साहेब हसला नाही. तो एकामागून एक फोटो सरकवू लागला, आणि सुनेच्या लक्षात आलं की तो आता आकडे वाचत नाही, त्यांची चाल बघतोय. तीही तेच बघत होती.

"पाळ्यांच्या दिवशी चौतीस, छत्तीस," ती म्हणाली. "दोन उन्हाळे तसंच. मग इथे, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, एका आठवड्यात पस्तीसचं एकोणीस. तिथून पुन्हा कधी वीसच्या वर नाही. कालव्यातून पाणी तेवढंच सुटत होतं का?"

"तेवढंच," साहेब म्हणाला. "ते आकडे मला पाठ आहेत." त्याने तारीख पाहिली. "या आठवड्यात काय झालं होतं?"

सगळे एका दिशेला बघत होते. बागवाल्याने फडकं सोडलं नाही. सोडलं तर काय दिसेल, हे त्याला कळत नसावं.

"त्या आठवड्यात अप्पांचं नवं तळं भरलं," सासू म्हणाली. "एका आठवड्यात. आम्हाला कौतुक वाटलं होतं. पहिल्या दाराच्या अलीकडे चारीच्या तळातून पाइप जातो म्हणतात. मी काही पाहिलेला नाही. मी फक्त पट्टी वाचते."

"खोटं आहे हे," बागवाला म्हणाला.

"मग चालत जाऊन बघू," साहेब म्हणाला आणि उठला. गुडघ्यांना वाळू लागली होती. त्याने झटकली नाही. "बाई, दार आज बंद होणार नाही."

"लिहून द्या."

"ऑफिसमध्ये गेल्यावर पत्र—"

"ऑफिसात गेलं की ते वर चढेल. इथे द्या. हाताने." तिने नोटीस उलटी करून त्याच्यापुढे धरली. ग्रीसचे ठसे चुकवत साहेबाने डब्याच्या झाकणावर ठेवून चार ओळी लिहिल्या आणि सही केली. सासूने कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवला. सुनेने आधी जुन्या फोनने फोटो काढला, मग नव्याने.

"दोन कशाला?" साहेबाने विचारलं.

"एक वाहून गेला तर," सून म्हणाली. सासूने तिच्याकडे पाहिलं.

वेल्डर केबल गुंडाळू लागला होता. त्याचा चेहरा सकाळपेक्षा मोकळा दिसत होता.

"कुठे निघालास?" सासू म्हणाली. "पेटव की यंत्र. साहेबांनी एवढ्या लांबून आणलंय तुला." तिने डब्याच्या तळातून लोखंडाचा एक वीतभर दांडा काढला. चार वर्षांपूर्वीचं तुटकं हँडल. "हे जोडून दे. सात अर्ज झालेत."

वेल्डरने साहेबाकडे पाहिलं. साहेबाने मान हलवली. सुनेने पिन काढली, पडदा काळा झाला, फोन फडक्यात आणि फडकं डब्यात गेलं. मग रॉड पेटला. सगळ्यांनी डोळ्यांपुढे हात धरले. निळा उजेड चारीच्या कोरड्या भिंतीवर नाचला आणि थांबला.

हँडल लाल होतं, मग राखाडी झालं. सासूने ओल्या पोत्याने ते धरलं. चर्र आवाज झाला. तिने पाइपाचा तुकडा उचलून काठावर टाकला आणि दोन्ही हातांनी चाक फिरवलं. ते एका दमात फिरलं. पत्रा खाचांतून वर आला, सगळा, शेवटपर्यंत. खालून पाणी काही आलं नाही. ओल्या गाळाचा वास तेवढा आला.

"आता बंद का नाही करत?" सुनेने विचारलं. "पाळी नाही आज."

"राहू दे उघडं," सासू म्हणाली. तिने डबा काखेत मारला आणि चारीच्या काठाने वरच्या अंगाला चालू लागली. "चला साहेब. अप्पा, तुम्ही पुढे व्हा. तळं तुमचं, वाट तुम्हालाच ठाऊक."